एकशे चौदा नंबरची कुपी

१

एकशे चौदा नंबरच्या बाईला जाऊन चोवीस वर्षं झाली होती, आणि सोमवारी सकाळी तिच्या रक्तानं सांगितलं की ती कधी गरोदरच नव्हती.

प्रसूती रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर ती प्रयोगशाळा. त्याच इमारतीतल्या डीप फ्रीझरमध्ये उणे ऐंशी अंशांवर चारशे गरोदर बायकांचं सीरम ठेवलेलं होतं. सीरम म्हणजे रक्त साकळल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी. करंगळीएवढ्या कुप्या, कुप्यांवर नावं नाहीत, फक्त नंबर. एक संशोधक मुलगी वर्षभर त्या कुप्या एकेक करून उघडत होती आणि प्रत्येकीत एकच गोष्ट मोजत होती, प्लासेंटल ग्रोथ फॅक्टर. हे प्रथिन वारेतून निघतं, आईच्या रक्तात उतरतं आणि तिच्या रक्तवाहिन्यांना सांगतं, रुंद व्हा, नव्या फांद्या फोडा, बाळापर्यंत वाट करा. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'वाटाड्या' म्हणत. वाटाड्या कमी पडला की आईचा रक्तदाब चढतो, बाळ खुरटतं, आणि कधीकधी दोघांपैकी एकच जण घरी जातो.

"तेरा!" मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर आपटला. विभागाच्या प्रमुख त्याच. "सातव्या महिन्यात बायकांचा आकडा तीनशे असतो, पाचशे असतो. हिचा तेरा. आणि हीच बाई दगावली. अजून काय पुरावा हवा?"

तंत्रज्ञ घसा खाकरून उभा राहिला. पूर्वी एकदा त्यानं दोन नमुन्यांची अदलाबदल केली होती. तेव्हापासून तो ताकही फुंकून पीत असे.

"मॅडम, मी एक पट्टी लावून बघितली."

"कसली पट्टी?"

"गरोदरपणाची. बायका घरी लावतात तीच. सीरमवरही चालते." त्यानं पट्टी पुढे केली. "एकच रेघ आलीय."

सात महिन्यांच्या गरोदर बाईचं रक्त, आणि एकच रेघ.

संशोधक मुलीनं बर्फातली कुपी उचलली, उजेडात धरली, क्षणभर पाहिली, आणि परत बर्फात खोचली. तिचा चेहरा उतरला होता. पण त्या वेळी तंत्रज्ञाशिवाय तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे कुपी बदललीय," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "एक बदलली असेल तर चारशेच्या चारशेंवर कोण विश्वास ठेवेल? गाळणीबाईंना बोलवा."

२

गाळणीबाई सहा वर्षांपूर्वी याच रुग्णालयातून निवृत्त झाल्या होत्या. रक्ततपासणी विभाग त्यांनी तीस वर्षं चालवला आणि त्यांच्या हातून एक चूक खाली गळली नाही, म्हणून हे नाव पडलं. नंबर कुणाचा हे सांगणारी वही एकच होती. तिच्या कपाटाची किल्ली अजून त्यांच्याच पर्समध्ये असे. डावा कान बहिरा. न पटणारं बोलणं कुणी सुरू केलं की त्या खुर्ची वळवून ते डाव्या बाजूला घेत.

त्यांनी आधी कुपी मागितली.

लेबल जुनं, कागदी, पेन्सिलीनं लिहिलेलं. कडा पिवळ्या पडलेल्या. कुपी मात्र नवी, बुडाशी अलीकडच्या सालाचा शिक्का. लेबलावरून पारदर्शक चिकटपट्टी फिरवलेली होती आणि तिचं एक टोक आत दुमडलेलं, पुढच्या वेळी नखानं पटकन सुटावं असं.

"लेबल सोलून आणलंय," त्या म्हणाल्या. "या फ्रीझरच्या किल्ल्या कुणाकडे?"

"आमच्या चौघांकडे," तंत्रज्ञ म्हणाला. "मॅडम, मी, ती, आणि फ्रीझर सांभाळणारे बर्फमामा. बाई, देवाशप्पथ, मी बदलली असती तर मीच पट्टी कशाला लावली असती?"

"शहाणा चोर आधी तेच करतो," गाळणीबाई म्हणाल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. "पण तू तेवढा शहाणा नाहीस. जा."

डॉक्टरीणबाई खिडकीशी उभ्या होत्या.

"हिचं रक्त मीच काढलं होतं," त्यांनी आपणहून सांगितलं. "तेव्हा मी नवी होते. गुरुवार होता. पाय सुजलेले, दाब थोडा वर. मी म्हटलं, आठवड्यानं या. चौथ्या दिवशी तिला उचलून आणली. मुलगी वाचली, ही गेली."

"नवरा?"

"जिन्याच्या पायरीवर बसून असायचा. रक्ताचा नमुना ठेवू का विचारलं, त्यानं सही केली. चेहरा आठवत नाही हो. पाठ आठवते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. पण ज्या बाईच्या आकड्यावर त्यांचा सगळा सिद्धांत उभा राहणार होता तीच कुपी बनावट निघाली होती, आणि 'तेरा' हा आकडा त्यांच्या फार सोयीचा होता. गाळणीबाईंनी हेही मनात टिपून ठेवलं.

३

फ्रीझरची खोली जिन्याखाली होती. तीन पांढरी कपाटं, माणसाहून उंच. बर्फमामा स्टुलावर बसून तापमानाच्या वहीत सही करत होते. सकाळी एक, संध्याकाळी एक. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून खाली वळवलेली. आधी ते बर्फाच्या कारखान्यात होते. इथे येऊन तेवीस वर्षं झाली, आणि चार महिन्यांनी निवृत्ती.

"एवढ्या वर्षांत एकदाही वितळू दिलं नाहीत म्हणे," गाळणीबाई म्हणाल्या.

"एकदा वीज गेली होती अकरा तास. कारखान्यातून कोरडा बर्फ आणला, टेम्पोत मांडीवर लादी घेऊन. मांडीची कातडी गेली, पण एक अंश वर चढू दिला नाही."

"हे तिसरं?"

"ते मेलंय. भंगारात काढायचंय. उघडू नका, आतून सडलंय."

गाळणीबाई त्या तिसऱ्या कपाटाला पाठ टेकून उभ्या राहिल्या. जरा वेळ तशाच राहिल्या. मग चहा आला. मामांनी आपला कप ओळखून उचलला.

"बिनसाखरेचा?"

"आठ वर्षं झाली. दर महिन्याला खाली रक्त द्यायचं, आकडा ऐकायचा, मान हलवायची."

"वरची संशोधक मुलगी तुमचीच ना? अभिमान वाटत असेल."

"वाटतो की." मामा कपात बघत हसले. "पण घरी आम्ही कामाचं बोलत नाही."

"मग काय बोलता?"

मामांनी बराच विचार केला. "भाजी काय आणायची ते."

"तिची आई?"

"ती लहान असताना गेली," मामा म्हणाले आणि उठून पहिल्या कपाटाचा काटा बघायला लागले. काट्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

४

मुलगी तिच्या टेबलाशी ताठ बसली होती. समोर तक्ता, रांगेनं नंबर, रक्त घेतल्याची तारीख, बाळंतपणाची तारीख, आकडा.

"तू क्रमानं चाललीयस?" गाळणीबाईंनी विचारलं.

"हो."

"मग चाळिसाव्यानंतर एकदम एकशे चौदा कसा आला?"

मुलीनं पेनला टोपण लावलं.

"सकाळी कुपी उजेडात धरलीस तेव्हा काय बघितलंस?"

"काही नाही."

"तंत्रज्ञ म्हणतो, तू लेबलाकडे बघत होतीस. कुपीत काय आहे त्याकडे नाही."

मुलीनं तक्त्यावर हात ठेवला, जसं काही झाकायचं होतं. बाहेर जिन्यात कुणाचीतरी जड पावलं वाजली आणि खाली उतरत गेली. ती पावलं विरेपर्यंत तिनं कान दिला. मग सरळ गाळणीबाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

"मीच बदलली," ती म्हणाली. "कुपी वितळवली, त्यातलं सीरम काढून घेतलं आणि माझं स्वतःचं भरलं. लिहून घ्या. माझं वर्षभराचं काम रद्द करा. दुसऱ्या कुणाला विचारू नका."

गाळणीबाईंनी खुर्ची वळवली. मुलगी आता त्यांच्या डाव्या बाजूला आली होती.

५

कबुली मिळाल्यावर दुसरा कुणी वही मिटून घरी गेला असता. गाळणीबाई उरलेले चार थेंब घेऊन खालच्या मजल्यावरच्या आपल्या जुन्या विभागात गेल्या आणि दोन साध्या तपासण्या करायला सांगून बाकावर बसल्या.

तासाभरानं चिठ्ठी आली. रक्तातली साखर दोनशे चाळीस. दुसरी तपासणी होती पन्नाशी उलटलेल्या पुरुषांना सांगतात ती, मूत्राशयाखालच्या ग्रंथीची. तीही वाढलेली निघाली. ही ग्रंथी बाईच्या शरीरात नसतेच.

म्हणजे मुलगी खोटं बोलली होती. तेही कच्चं खोटं. कुपी तिनं वितळवली असती तर जुन्याच कुपीत नवं सीरम भरलं असतं. लेबल सोलण्याची, नवी कुपी शोधण्याची उठाठेव कशाला?

त्यांनी कपाट उघडलं आणि नावांची वही काढली. एकशे चौदा. बाईचं नाव, वय सव्वीस. बाळंतपणाची तारीख. 'मुलगी, जिवंत.' त्याखाली संमतीच्या रकान्यात नवऱ्याची सही.

शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून खाली वळवलेली होती.

गाळणीबाईंनी वही मिटली. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना आणि मुलीला निरोप धाडला, फ्रीझरच्या खोलीत या.

६

"मामा," गाळणीबाई म्हणाल्या, "हिनं मघाशीच कबुली दिलीय. कुपी आपण बदलली म्हणते."

बर्फमामांच्या हातातला पाना खाली पडला. "ती? तिचा काय संबंध? बाई, तिचं ऐकू नका, ती…"

"नाहीच ऐकलं. कुपीतलं रक्त पुरुषाचं आहे. वय झालेला, साखरेचा आजार असलेला पुरुष. तंत्रज्ञ अठ्ठावीस वर्षांचा आहे, धडधाकट. तुम्ही दर महिन्याला खाली रक्त देता. उरलेलं सीरम फेकायच्या आधी तुम्ही मागितलंत तर कोण नाही म्हणणार?"

मामा पाना उचलायला वाकले.

"चोराला नुसतं रक्त हवं असतं तर त्यानं कुपी वितळवून ओतून घेतली असती. या चोरानं लेबल सोललं. म्हणजे त्याला कुपी एकदाही वितळू द्यायची नव्हती. चिकटपट्टीचं टोक दुमडलं, म्हणजे हे लेबल कधीतरी परत मूळ कुपीवर लावायचं होतं. आणि उणे ऐंशीची वस्तू पिशवीत घालून घरी नेता येत नाही. ती इथंच असणार. मामा, मेलेल्या कपाटाची कूस गरम कशी हो असते? मघाशी माझी पाठ शेकून निघाली."

मामा हळूहळू वळले. तिसऱ्या कपाटासमोर खांदे पाडून, पाठमोरे उभे राहिले. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. चोवीस वर्षांनी त्यांनी ती पाठ ओळखली होती. रोज दोन वेळा त्या या माणसाला नमस्कार करत आल्या होत्या, पण समोरून.

दार उघडलं, पांढरं धुकं खाली सांडलं. अख्ख्या रिकाम्या कपाटात मधल्या फळीवर एक डबा होता, आणि डब्यात एकच कुपी.

"तिचे कपडे माझ्या बहिणीनं वाटून टाकले," मामा आत बघत म्हणाले. "फोटो एकच होता, लग्नातला, त्यात तिनं डोळे मिटलेत. मग मला आठवलं, तिचं थोडं रक्त इथं आहे. म्हणून ही नोकरी धरली. लोकांना वाटायचं मामा कामाला वाघ आहे. अहो, काम कसलं! बायकोला ऊन लागू नये म्हणून बघत होतो." त्यांनी नाक पुसलं. "गेल्या महिन्यात यादीत नंबर बघितला. पोरगी उघडणार म्हणजे वितळणार. एकदा वितळली की संपली. पोरीला नाही कसं म्हणू? आणि सांगू तरी काय?"

"मला माहीत होतं, बाबा," मुलगी म्हणाली.

मामा गर्रकन वळले.

"बाळंतपणाची तारीख तक्त्यात होती. माझा वाढदिवस. त्या दिवशी इथं एकच बाई गेली. आणि आज सकाळी पट्टीचं दुमडलेलं टोक दिसलं. आपल्या घरात पिठाच्या पुड्यापासून वीजबिलाच्या पाकिटापर्यंत सगळ्या पट्ट्यांची टोकं तशीच दुमडलेली असतात."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

चोवीस वर्षं एका छपराखाली राहून दोघं एकाच माणसासाठी झुरत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला त्रास नको.

"आत्या म्हणते, आईला गिळून जन्माला आलीस," मुलगी म्हणाली. "म्हणून मी हा विषय घेतला. बाबा, वार आईची नसते. वार बाळाची असते. त्या कुपीत जो वाटाड्या आहे तो आईचा नाही, माझा आहे. मी तिच्या रक्तात पाठवलेला. मी तिला कधी बघितलं नाही, तिनं मला घेतलं नाही. आम्ही दोघी एकत्र आहोत अशी जगात तेवढी एकच जागा आहे. मला फक्त बघायचं होतं, मी तिला किती हाका मारल्या."

कपाटातून थंडी वाहत होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच मामांना दार लावायचं भान नव्हतं.

मग त्यांनी हातमोजा घातला, कुपी उचलली आणि तिच्या हातात दिली.

"मोज," ते म्हणाले.

७

कुपी बर्फात ठेवून सावकाश वितळवली. मामा शेजारी उभे होते. पांढऱ्या खड्याचं हळूहळू पिवळं पाणी झालं, वर एक बारीक बुडबुडा आला. पुढची तपासणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. आकडा आला अठ्ठावीस.

"कमीच," मुलगी म्हणाली.

"फारच कमी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आकडा कमी होता म्हणजे दोष बाळाचा नसतो, बाई. वाट पहिल्या चार महिन्यांतच अरुंद राहिलेली असते, मग वारेचीच उपासमार होते. ती तरी कुठून पाठवणार? तेव्हा हे मोजायची सोय नव्हती. आज असा आकडा दिसला तर मी बाईला घरी सोडणार नाही." त्या मामांकडे वळल्या. त्यांना हात जोडायचे होते, ते अर्धेच जुळले. "मी आठवड्यानं या म्हटलं होतं."

"तुम्ही चांगलं बोलला होता तिच्याशी," मामा म्हणाले. "बाहेर आल्यावर मला म्हणाली होती, डॉक्टरीण पोरसवदा आहे पण गोड आहे."

डॉक्टरीणबाई झटकन खिडकीकडे गेल्या.

गाळणीबाईंनी अहवालात जे घडलं ते चार ओळींत लिहिलं. कुणाला वाचवलं नाही, कुणाला रंगवलंही नाही. मामांना ठपक्याचं पत्र मिळालं आणि किल्ल्या परत द्याव्या लागल्या. एकशे चौदा नंबर अभ्यासातून वगळला गेला, कारण ज्या कुपीला मधेच कुणाचा हात लागला तिचा आकडा धरता येत नाही. मुलीच्या बाकी कुप्या एकेक तपासून खऱ्या ठरल्या. तो अठ्ठावीस मात्र कुठल्याच तक्त्यात गेला नाही. तो तिचा एकटीचा राहिला.

"आणि मामा," जाता जाता गाळणीबाई म्हणाल्या, "ती दुसरी तपासणी वाढलेली होती. उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवा. चोरी पचली नाही, पण चोरीमुळेच वेळेवर कळलं."

बापलेक बाहेर पडले. बसला वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर दोघं बसले, मधे तिची पिशवी. समोर एक माणूस दुकानाची काच पुसत होता, पुन्हा पुन्हा तीच जागा.

"बाबा."

"हं."

"तिचा आवाज कसा होता?"

कुणी मामांना हे कधी विचारलंच नव्हतं. विचारणारं माणूस घरातच होतं आणि त्यांनीच कधी तिला जागा दिली नव्हती.

"जाड," ते शेवटी म्हणाले. "पुरुषासारखा. लग्नानंतर पहिल्या सकाळी ती स्वयंपाकघरात बोलत होती, तर तुझी आत्या डोक्यावर पदर घेत बाहेर आली. म्हणाली, इतक्या सकाळी कोण पाहुणे आले?"

मुलगी हसली. एकदम, मोठ्यानं, घशातून. काच पुसणारा माणूस वळून बघायला लागला.

मामांनी मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ते तिच्याकडे सरकले.

"आणि गायची काय," ते म्हणाले, "अगं, शेजारी खिडक्या लावून घ्यायचे!"

बस आली. दोघांनीही ती जाऊ दिली.